ऋजुता बूट घालत नाही

"रोज माझ्या कंपनीची बस यायच्या वेळेलाच ही बूट घालत नाही. ओरडलं तरी नाही, मारलं तरी नाही!"

वारज्याच्या दवाखान्यात मी नातवाला लस टोचायला घेऊन बसले होते. शेजारी हिंजवडीला नोकरी करणारं जोडपं आणि मध्ये त्यांची सहा वर्षांची पोरगी. माझ्या कानांना काही झाकणं नाहीत.

"मग तू काय करतेस?"

"काय करणार, आनंद? बस निघून जाते. मग हिला स्कूटीवर शाळेत सोडते."

"तेव्हा घालते बूट?"

"निमूट घालते. वर मागे बसून गाणी म्हणते!"

"माझ्याशीही तेच. संध्याकाळी अमेरिकेचा फोन आला, की ही किंचाळायला लागते. फोन ठेवला, की गप्प."

"आता साहेबांनी मला शेवटची तंबी दिलीय. ही सुधारली नाही, तर पाचगणीला होस्टेलमध्येच टाकू."

"डॉक्टर काय म्हणतात बघू. काय गं ऋजुता, आज बरे शहाण्यासारखे बूट घातलेस?"

"आज दोघांना सुट्टी आहे ना."

"सुट्टी कसली? तुझ्यापायी रजा टाकलीय आम्ही!"

"मग उद्या पण टाका."

तेवढ्यात आतून त्यांना बोलावणं आलं. पोरगी दोघांची बोटं धरून उड्या मारत निघाली. मी तिचा फ्रॉक धरला आणि त्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं,

"कार्टे, तुझ्यासारखी हट्टी पोर अख्ख्या पुण्यात नसेल. पण आत गेल्यावर लगेच सुधारू नकोस हं. सुधारलीस, तर ही दोघं उद्या परत बस पकडतील."