धनेशला दिलेली अलाबामाची माहिती

आदरणीय अध्यक्ष निशिकांतराव, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती धनेश आणि प्रेमावहिनी, आणि जेवणाचा वास येऊनही जागेवर बसून राहिलेल्या रसिकहो,

आपला धनेश जहाजदुरुस्तीचा इंजिनिअर. सोळा वर्षं सिंगापुरात काढून परवा तो अलाबामातल्या मोबील बंदराला निघालाय. तुम्ही प्रत्येकानं त्याला त्या राज्याची माहिती दिलीच असेल. आपल्यातलं तिथे गेलंय कोण? कुणीही नाही. पण माहिती द्यायला जाऊन यावं लागतं, असं मराठी माणसाला कधी वाटलंय का?

मीही दिली. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी तो सेरंगूनला आमच्या घरी आला. म्हणाला, "विश्वासदादा, जायचं की इथंच राहायचं, कंपनीला उद्या सांगायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

झालं! मी लॅपटॉप उघडला. अलाबामा, स्थापना १८१९, राज्य बाविसावं, राजधानी माँटगोमेरी. कापूस पिकवला गुलामांनी, गब्बर झाले मळेवाले. मग यादवी युद्ध. पुढे त्याच माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी भेदभावाविरुद्ध वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही, पायपीट केली आणि जिंकले. हंट्सव्हिलला रॉकेटं बनतात, हेही सांगितलं. धनेशचा रॉकेटशी संबंध काय, ते विचारू नका. मधूनच तो "दादा, पण..." म्हणायचा. मी म्हणायचो, थांब, हवामान राहिलंय.

दोन तासांनी मी त्याला बिनधास्त जा म्हटलं आणि लगेच त्याचं वॉशिंग मशीन माझ्यासाठी सांगून ठेवलं. हसू नका. सिंगापूर सोडणाऱ्याचं सामान आधीच सांगून ठेवायची आपली रीतच आहे. त्याचा सोफा कुणाच्या हॉलमध्ये आहे, तेही मला ठाऊक आहे.

तो गेल्यावर आमची अनघा म्हणाली, "अहो, त्याला माहिती कुठे हवी होती? 'जाऊ नकोस' म्हणावं कुणीतरी, म्हणून आला होता तो."

मला काही ते पटलं नाही. तसं असतं तर बोलला नसता का, म्हटलं. मग गेल्या रविवारी पुलाउ उबीन बेटावर फिरताना माझ्या सायकलची चेन पडली. सोळा वर्षं ती धनेशच बसवतो. बसवली, हात पुसले आणि म्हणाला, दादा, आता शिकून घ्या. घरी येऊन मी अनघाला म्हटलं, तुझंच खरं होतं.

अध्यक्षमहाराज, त्याच्या सामानाचा कंटेनर रवाना झालाय, आता बोलून उपयोग शून्य. तरी त्या दिवशी राहिलेलं बोलतो. धनेश, जाऊ नकोस रे.

आयोजकांचे आभार. अलाबामाचा एखादा तपशील चुकला असेल तर सभेनं पोटात घालावा. त्या दोन तासांची माफी मात्र धनेशकडेच मागतो. मशीन मी अजून जोडलेलं नाही. परत आलास तर जसंच्या तसं घेऊन जा.