पगारी पेशंट

...नाही, मी म्हणतो, टायफॉइडला खोकला चालत नाही हे आधी सांगायला काय धाड भरली होती? भर परीक्षेत, पोरगा समोर बसलाय, मी जीभ बाहेर काढून ती त्याला दाखवतोय, आणि पडद्यामागून मोठे सर म्हणतात, अहो पेशंट, खोकू नका, मुलं गोंधळतात. आता खोकू नका म्हणजे? खोकला काय नळ आहे, पिळला की बंद?

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस कुठून सुरू झाला नि कुठे चाललाय. तर मी पेशंट आहे. आजारी नाही, पेशंट. उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या दुकानात ताग्यांमागे गेली, मग दुकानच बसलं, मीही घरी बसलो, दिवसभर हिच्या पायात पायात यायला लागलो, तेव्हा हिच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या मेहुण्यानं, तो डॉक्टरकीच्या कॉलेजात ऑफिसात असतो, मला तिथं चिकटवून दिलं. काम काय, तर पोरापोरींची परीक्षा असते, त्यांना आजार ओळखायचा असतो, आता नेमका पाहिजे तो आजार नेमक्या त्या दिवशी कुठून आणायचा? आणि आणला तरी खरा पेशंट धड बोलतो का? तो पोटदुखी सांगता सांगता सुनेच्या तक्रारीवर जातो. म्हणून एक धडधाकट माणूस खाटेवर निजवायचा, त्याच्या हातात कागद द्यायचा, कागदावर आजार, आणि पोरांनी येऊन विचारायचं, काका काय होतंय, कधीपासून होतंय, थंडी वाजते का, बाहेरचं पाणी प्यालात का, घरात आणखी कुणाला आहे का, आणि त्यावरून सरांना सांगायचं, हा मलेरिया, हा डेंग्यू, ही कावीळ. घंटा झाली की पुढचा. संपलं. आपल्याला काय, आपण पगारी पेशंट.

आणि आजार म्हणाल तर मला काय झालं नाही ते विचारा! मलेरिया तर इतक्यांदा झालाय की त्या खाटेचे खिळे ढिले झाले, थंडी वाजून दाखवायची ना, मग घाम येऊन ताप उतरायचा, की लगेच दुसरा पोरगा, की पुन्हा थंडी. धनुर्वात झाला तेव्हा दातखीळ बसवून पडून होतो, काही बोलायचंच नव्हतं, तेवढाच एक दिवस सुखाचा गेला बघा. डेंग्यूच्या वेळी अंगावर लाल पेनानं ठिपके काढले, डोळ्यांच्या मागे ठणकतं म्हणायचं, हाडं मोडून आल्यासारखी दुखतात म्हणायचं, म्हटलं, पण ते ठिपके नंतर पुसायचे कुणी? मी तसाच बसमध्ये चढलो. अख्खं बाक रिकामं! एक आजीबाई तर उभ्या राहिल्या पण माझ्याशेजारी नाही बसल्या. वाईट वाटायला हवं होतं नाही? मी पाय पसरून बसलो.

तर सांगायची गोष्ट अशी की मोठ्या सरांचा एक नियम आहे, तो पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवला. सर कसे, तर आवाज नेहमी एकाच पट्टीत, माणूस मेला तरी तीच पट्टी, लॉटरी लागली तरी तीच. म्हणाले, "कागदावर नाही ते अंगात नाही. पोरांनी कागदाबाहेरचं विचारलं तर उत्तर एकच, नाही." म्हटलं, बरं. पाठ करायची भानगडच नाही, आहे ते आहे, उरलेलं सगळं नाही.

पण त्याचं काय होतं माहितीये का? दिवसभर दुखत नसताना दुखतं म्हणायचं, ताप नसताना कण्हायचं, आणि मग आपल्या अंगातून खरीखुरी काही बातमी आली ना, तर ती कुणी उघडूनच बघत नाही. मला खोकला कधी लागला, सांगू शकत नाही. जेवण कमी कधी झालं, माहीत नाही. लागला असेल, झालं असेल. खरंच सांगतो, मला काही वाटतच नव्हतं. बधिर. दात काढायच्या आधी गालात सुई टोचतात, मग आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसा सगळा मीच.

आणि घरचे म्हणाल, तर तिथं दुसरीच कथा. सुरुवातीला मी घरी सराव करायचो ना. ही विचारायची, अहो, पोळी वाढू का, मी म्हणायचो, भूक मंदावली आहे, तोंडाला चव नाही. ही म्हणायची, कावीळ वाटतं आज? म्हटलं, हो. मग चार पोळ्या खायचो. आता खरंच पोळी जाईना, तर ही म्हणते, पुन्हा कावीळ का हो? रात्री खोकून खोकून उठून बसायचो, तर ही कूस बदलून म्हणायची, अहो, झोपा आता, उद्या करा तालीम. उशीचा अभ्रा घामानं ओला, पिळला तर पाणी निघेल, तो वाळत घालताना काय म्हणावं हिनं? म्हणे, एवढा जीव ओतून काम करू नका, त्या मेल्यांना किंमत नाही. लांडगा आला रे आला, आणि लांडगा बिचारा रोज येऊन उशाशी बसतोय, तर त्याला कुणी हाकलायलाही तयार नाही! मीसुद्धा म्हटलं, असेल तालीम. आपल्याला काय, आपण पगारी पेशंट.

आणि मग आला तो टायफॉइडचा दिवस. कागद साधा, ताप रोज थोडा थोडा चढत जातो, डोकं दुखतं, पोट साफ नाही, चार ठिकाणचं पाणी पितो. खोकला कागदावर नाही. आणि मी खोकतोय. सर रागावले, मी तोंडात खडीसाखर धरली, गालात ठेवून टायफॉइड सांगतोय. पोरं येतायत, जीभ बघतायत, पोट दाबतायत, टायफॉइड म्हणून मोकळी होतायत. मार्कच मार्क. एक पोरगा तर जाताना म्हणाला, काका, अशक्तपणा काय भारी दाखवता हो!

मग आली ती चष्मेवाली. हिला मी ओळखत होतो, ही आधीच्या परीक्षेत नापास झालेली. तेव्हा मी मलेरिया होतो, आणि हिनं थंडीताप विचारायचा सोडून मला विचारलं होतं, काका, काम सुटल्यावर घरात करमतं का? कागदावर नव्हतं, मी म्हटलं, नाही. सर म्हणाले, ही भलतंच विचारत बसते. मेहुणा सांगत होता, या खेपेला गेली तर बरोबरीचे सगळे पुढे जातील आणि ही सहा महिने मागे, धाकट्यांच्या बाकावर. म्हणजे पोरगी काठावर उभी, आणि समोर सोप्यात सोपा आजार. म्हटलं, बाई, आज पोटाचं विचार, पाण्याचं विचार आणि सूट इथून.

तिनं विचारलं सगळं नीट. ताप, डोकं, पोट, पाणी. मी पण भराभर दिलं, अगदी ताटात वाढून. झालं की! उठायचं आणि सांगायचं. तर ही उठेना. माझ्याकडे बघत बसली. आता मला कुणी असं बघायची सवय नाही हो, सगळे जीभ बघतात. मग हळूच म्हणाली, "काका, खोकला कधीपासून आहे?"

म्हटलं, खोकला नाही. आणि खोकलो. खडीसाखर चादरीवर पडली.

"रात्री घाम येतो? कपडे भिजतात?"

आता आली का पंचाईत! डोळ्यांसमोर दोरीवरचा अभ्रा, आणि तोंडात सरांचा नियम. म्हटलं, नाही. तिनं विचारलं, वजन उतरलंय? म्हटलं, नाही. तर ती खाली बघून म्हणाली, "काका, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय तुम्ही, खिळ्यानं." मी पट्ट्यावर हात ठेवला. कशाला ठेवला कोण जाणे, पण ठेवला.

घंटा झाली. सर पडद्यामागून आले, उत्तर विचारलं. ही म्हणाली, सर, हे जे सांगतायत तो टायफॉइड आहे. मी मनात म्हटलं, सुटली! तर पुढे म्हणते, पण या काकांना वेगळं काहीतरी आहे, टीबी असावा, थुंकी तपासायला हवी. सर म्हणाले, उत्तर एकच द्यायचं असतं. त्याच पट्टीत. आता बघा, पोरीला बरोबर उत्तर ठाऊक आहे, तोंडातून बाहेर पडलंय, नुसतं पुन्हा म्हणायचं आहे. तिनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"टीबी," म्हणाली.

सरांनी लिहिलं काहीतरी, आणि मला, म्हणजे बघा, कधी नाही ते आत काहीतरी लागलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, ही पोरगी माझ्यापायी बुडतेय. उठून बसलो आणि म्हटलं, "सर, घाम येतो हो मला."

"कागदावर आहे का?"

"नाही."

"मग येत नाही," सर म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

संध्याकाळी ती चष्मेवाली फाटकाशी उभी. मला वाटलं, बोलेल चार शब्द, तिचा हक्कच होता. तर हातात एक झाकणाची डबी दिली आणि म्हणाली, काका, उद्या उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल श्वास घेऊन आतून खोकायचं, थुंकी यात, नुसती लाळ नको. बाकी निकालाचं एक अक्षर नाही.

आता लपवण्यात काय अर्थ आहे? निघाला टीबी. डॉक्टरांनी मला समोर बसवून, आवाज खाली आणून, धीर धरा वगैरे म्हटलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? म्हटलं, घंटा कधी होणार? खरंच! घरी सांगितलं तर ही भाजी चिरत होती, म्हणाली, अय्या, नवीन दिलाय का आजार? मग मी कागद पुढे धरला, तर कागद माझ्या नावाचा. विळी तशीच राहिली, उठली, आणि तो वाळलेला अभ्रा हातात घेऊन पुन्हा पिळून बघितला बिचारीनं. तिलाही तपासलं. तिला काही नाही, एवढं देवानं ऐकलं.

मग झाली मजा. मी ज्या ज्या पोरांवर खोकलो ती सगळी एक्स-रेच्या रांगेत, आणि रांगेत पुढून दुसरे कोण, तर मोठे सर! शर्ट काढून, पोट आत ओढून उभे. म्हटलं, हीच वेळ आहे. तोंडाला फडकं बांधून, चार हात लांब उभा राहून विचारलं, सर, पोरगी बरोबर होती, आता तरी पास करा. सरांनी विचार केला हो, नाही म्हणत नाही. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "पेशंटच्या बाबतीत ती बरोबर आहे. केसच्या बाबतीत चूक." आणि आत जाऊन श्वास रोखून उभे राहिले. आपल्याला काय, आपण पगारी पेशंट.

तर आता सहा महिने माझ्या गोळ्या आणि सहा महिने तिचं मागे राहणं, दोन्ही बरोबरच सुरू झालं. आमच्या गोळ्या मिळतात त्याच दवाखान्यात तिची ड्यूटी लागते, मी गेलो की म्हणते, काका, समोर गिळा. मी गिळतो. मळमळतं का विचारते, मी आधी सवयीनं नाही म्हणतो, ती थांबते, मग मी म्हणतो, हो, मळमळतं. खरं उत्तर द्यायला मला हल्ली एक खेप जास्त लागते, पण देतो. खोकला गेला. पोळ्या जायला लागल्या. घरी आमची ही रात्री माझ्याकडे कान देऊन झोपते, नुसता घसा खाकरला तरी दिवा लावते.

आणि परवा सरांचा निरोप आला. तुमच्या गोळ्या संपून डॉक्टरांनी बरे झालात म्हणून लिहून दिलं की लगेच त्या मुलीची परीक्षा. या वेळी केस टीबीची आहे, तुमच्याइतकं कुणाला जमणार, याल का? म्हटलं, येतो, धावत येतो! म्हटलं, या खेपेला कागद आणि मी एका बाजूला, पोरगी डोळे मिटून पास. तेव्हापासून सकाळ संध्याकाळ तालीम चाललीय, खोल श्वास घेतो, आतून खोकतो, खांदे पाडून बसतो, आमची ही तर कानावर हात ठेवून बाहेर जाते.

पण काल पोरीनं गोळ्या देताना माझ्याकडे बघितलं, अगदी तस्संच, आणि हसून म्हणाली, काका, चेहरा काय छान भरलाय तुमचा. आणि मला कळलं पुढे काय होणार ते. मी तिथं छाती फुटेस्तोवर खोकणार, घाम येतो म्हणून ओरडून सांगणार, वजन उतरलं म्हणून गळा काढणार, घंटा होणार, सर उत्तर विचारणार, आणि ही पोरगी चष्मा वर सरकवून सांगणार, सर, या काकांना काहीही झालेलं नाही... आणि पंचाईत ही आहे हो, की बरोबरच सांगणार.