अफू सोडवायची खोली

दापोडीला बसच्या रांगेत इंदुताईंच्या पुढं दोघी बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"जाईबाई, तुमच्या गावच्या नगरपालिकेनं अफू सोडवायचं केंद्र काढलं म्हणं?"

"काढलं की! पहिला पेशंट म्हणून आमच्याच मालकांना हार घातला."

"मग सुटली का?"

"कशी सुटंल? सगळा निधी मांडवात आन् पेढ्यांत गेला. डाक्टर न्हाई, औषध न्हाई, नुसती खोली."

"आगं बया!"

"मग मीच मालकांना घेऊन आत बसले. सासूनं भाईरनं कडी घातली. आठवडाभर मालकांनी मला आन् नगराध्यक्षाला वाटून शिव्या दिल्या."

"आन् आता?"

"आता कामावर जात्यात. नगराध्यक्ष भाषणात सांगतोय, केंद्रानं मानूस बरा केला!"

दोघी खदखदून हसल्या. इंदुताईही हसल्या. मग पदर सावरून त्या पुढं सरकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"बाई, ती खोली सध्या रिकामी आहे का हो?"