मोहाखालची गाडी

गाडीच्या कोटिंगचं मला नका सांगू. माझ्या गाडीचा रंग एका म्हातारीने राखलाय!

अक्कलकुव्याला कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. आवारात सावली एकाच झाडाची, मोहाची. नवी पांढरी गाडी तिथेच लावली. चैत्रात फुलं गळायला लागली आणि बॉनेटवर चिकट, तपकिरी डाग पडले. मी मोठं कव्हर आणून घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडी, आणि कव्हर घडी करून माझ्या पायरीवर!

वॉचमन रतनवर खेकसलो, "कव्हर कोण काढतं रे?"

"वरल्या पाड्यानी म्हातारी, सर. पहाटे फुलं येचाले येस. कव्हरवरलीबी येची लेस."

"अरे, गाडी माझी, कव्हर माझं!"

"पन झाड तिन्हं शे ना. तिन्हा सासराना वखतनं. कॉलेज नंतर उनं."

झाड आधीचं, कॉलेज नंतर आलं, हे खरंच. मग मी रोज संध्याकाळी कव्हर घालायचो, ती पहाटे रिकामं करायची. तिला फुलं बिनमातीची मिळायची आणि माझ्या गाडीला डाग नाही. तीन चैत्र असेच गेले. एकमेकांची भाषा येत नव्हती, नुसतं हसायचो.

बदली झाली. सामान भरलं तेव्हा म्हातारी गाडीवर हात ठेवून उभी राहिली. रतनला भिलीत काहीतरी म्हणाली. मी रुमाल काढला.

"काय म्हणते रे?"

रतनने मान खाली घातली. "सर, ती इचारी ऱ्हायनी, नवा सर गाडीवाला शे ना?"