क्लेग यांनी न वाजवलेला साचा

मी, रूथ ऑलरेड, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (फाउंड्रीत ओतकाम सुधारणा विभाग), राहणार वॉकली, शेफील्ड, समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्याकडे जेट इंजिनाची पाती ओततात. धातू निकेलचा, रस दीड हजार अंशांचा. साचे चिनीमातीसारखे भाजलेले असतात.

वॉल्टर क्लेग, वय ६२, हे तिथले जुने ओतारी. साचा भट्टीत तापायला ठेवण्याआधी ते बोटाच्या पेराने वाजवून कान देत. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर तडा आहे म्हणून बाजूला. अशा वाजवण्याने आतले कण सुटून पात्यात अडकतात, हे मी शोधून काढले. फेब्रुवारीत साचे वाजवण्यास मनाईची सूचना मी माझ्या सहीने लावली. त्याऐवजी दहांतला एक साचा रंगाच्या पाण्याने तपासायचा; रंग झिरपला की तडा दिसतो. शंभरात अठरा पाती बाद होत, ती सातवर आली. मला शाबासकी मिळाली आणि ती मला आवडली.

क्लेग म्हणाले, "पोरी, उरलेले नऊ काय देव तपासणार?"

मी म्हणाले, "वॉल्टर, तुमच्या कानाचा आलेख काढता येत नाही हो." सगळे हसले. तेही हसले.

दि. १४ मे १९८७ रोजी सकाळी ९.४० वाजता तिसऱ्या साच्यापाशी क्लेग यांनी बोट उचलले. मी काचेपलीकडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नको म्हटले. त्यांनी हात खाली घेतला व साचा भट्टीत ठेवला. ११.०५ वाजता रस ओतताना तोच साचा खालून फुटला. रस त्यांच्या पायांवर गेला. त्यांचे ओरडणे मला आठवत नाही. चहाच्या गाडीची घंटा आठवते. दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात वारले.

कंपनीच्या अहवालात 'क्लेग यांनी साचा न तपासता वापरला' असे आहे. माझी सूचना आता भिंतीवर नाही. व्यवस्थापक पिकर्सगिल मला म्हणाले, "माणूस तर गेला. तू कशाला मध्ये पडतेस?" मला अजून काही वाटत नाही. जेवते, झोपही लागते.

तो अहवाल त्यांच्या पत्नी एडना यांना पोस्टाने गेला. त्यांनी मला विचारले, "तीस वर्षं साचे वाजवून घेत होता हो बाई, मग हाच वाजवायला कसा विसरला?" माझ्या सूचनेचे मी त्यांना सांगितले नाही. ते विसरले नव्हते.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात माझी मान 'नकळत' हलली असे लिहिले गेले होते. तो शब्द मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.