मालिकेतली शीळ

यॉर्कशरच्या डोंगरातल्या जनावरांच्या दवाखान्यात म्हातारा विल्फ्रेड नंबराची वाट बघत बसला होता. पायाशी नेल. त्याच्या बायकोची, हिल्डाची, मेंढ्या राखणारी कुत्री. हिल्डाला जाऊन वर्ष झालं होतं. समोर पलीकडच्या खोऱ्यातल्या दोन बायका बोलत होत्या.

“मेंढपाळाच्या पोरीची ती नवी मालिका बघितलीस का गं?”

“बघितली की! लहानपणी पुस्तक वाचलं, मग सिनेमा पाहिला, पण ही त्याहून वरताण!”

“सिनेमात पोरगी कुत्र्याला डावीकडे वळायची शीळ घालते अन् तो पळतो उजवीकडे! आमचे बाबा थिएटरातच ओरडले होते.”

“यात मात्र बरोब्बर वळतो.”

“अगं, शीळच खरी आहे. शहरातल्या नटीला कुठली जमायला!”

“मग कुणाची?”

“इथल्याच कुणा म्हातारीची, टेप करून नेलेली म्हणे. थांब, मोबाइलवर लावते.”

शीळ वाजली. नेल ताडकन उठली आणि शेपटी हलवत दाराकडे बघू लागली.

“नाही गं आली ती,” विल्फ्रेड तिला हळूच म्हणाला. मग त्यानं मान वर केली.

“बाई, पुन्हा एकदा लावता का?”