चिमणीची संध्याकाळची सुई

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांना जागा द्या हो कोणीतरी, स्वल्प, थोडं सरका. आनेकलहून, इलेक्ट्रॉनिक सिटीहून लोक आलेत, बेंगळुरूच्या या वेळच्या ट्रॅफिकमधून आलेत, हे मला दिसतंय. फार बरं वाटलं. पण काय बोलावं ते सुचत नाही. माझं आयुष्य सरकारी कारखान्यात कॉम्प्रेसरच्या आवाजात गेलं. चार लोकांत बोलायचं काम आमच्या घरात शैलाचं. आता तिच्याबद्दलच बोलायची वेळ माझ्यावर आली. हे काही बरोबर नाही झालं.

आणि आधीच सांगून टाकतो, मी घाईत आहे. बायकोच्या शोकसभेत नवरा सारखा घड्याळ बघतोय, हे पुढच्या रांगेतल्या लोकांनी मघाच पाहिलंय. बघू द्या. घरी चिमणी आहे.

चिमणी कोण ते नवीन लोकांना सांगतो. आमची कुत्री. नावच तेवढं चिमणी, अंगापिंडाने चांगली दांडगी. आता म्हातारी झाली. मधुमेह आहे, त्यातून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, आता काही दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ पोटात अन्न गेलं की इन्सुलिनची सुई. संध्याकाळची सात वाजता. शेजारच्या पद्मक्का तिला आत्ता जेवायला घालत असतील. आणि आपली सभाच मुळी उशिरा सुरू झाली. जाऊ द्या.

माझ्याआधी जे बोलले ते म्हणाले, डॉक्टर शैला फार शांत होत्या. शांत? अय्यो! आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. भिंतीच्या अलीकडे मी पेपर वाचायचो, पलीकडून तिचा आवाज यायचा. मी ऐकलंय ना सगळं.

एक गृहस्थ बोका घेऊन आले होते. बोका सारखा मातीत जाऊन बसतो, कुंथतो, म्हणून यांनी घरीच ठरवलं, बद्धकोष्ठ. चांगलं एरंडेल पाजून आणला. शैलाने पोटाला हात लावला मात्र. "अहो, शी नाही अडली, लघवी तुंबलीय याची! उद्या आणला असता तर मेलेला आणला असता!" आमच्या सबंध बसवनगुडीला ऐकू गेलं असेल. पण ओरडताना हात कुठे थांबतायत! तोंड त्या गृहस्थांवर, हात बोक्यावर. नळी घातली, मोकळं केलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "त्या माणसाला कॉफी द्या, घाबरलाय बिचारा."

आणखी एकीने मांजराला माणसाची तापाची गोळी दिली होती, मांजराला ती विषच. त्या बाई आज इथे आहेत. नाव घेत नाही. मांजर अजून आहे ना? आहे. सरी, ठीक आहे.

तर शांत वगैरे काही नव्हती. ती सारखी बेचैन असायची. जेवताना बेचैन, टीव्ही बघताना बेचैन. बाहेर एखादं कुत्रं वेगळं खोकलं तरी हिचा घास हातात थांबायचा. मी म्हणायचो, अगं, तो कुत्रा आपला नाही. ती म्हणायची, "खोकला तर ऐकू आला ना मला?"

आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना तिने हिरड्या बघायला शिकवलं होतं. कुत्र्याचा ओठ उचलायचा, हिरडीवर बोट दाबायचं, सोडायचं. पांढरा झालेला डाग लगेच गुलाबी व्हायला हवा. हिरडीच फिकी दिसली तर गोचीड-ताप असेल, पळत माझ्याकडे या. पोरं काय ऐकतात! मी दुपारी झोपलो की माझा ओठ उचलून बघायची.

मी इंजिनियर माणूस. मला ते सगळं आमच्या कारखान्यासारखं वाटायचं. मी म्हणायचो, शैला, हृदय म्हणजे पंप, मूत्रपिंड म्हणजे फिल्टर, बाकी नुसता पाइप. एवढं काय अवघड आहे त्यात? ती म्हणायची, "तुमच्या पंपाला भीती वाटते का हो? माझ्या टेबलावर येतो तो आधी घाबरतो, मग आजारी असतो." त्यावर मी पेपर उघडायचो. आतून मान्य नसायचं मला.

आता एक गोष्ट सांगतो आणि उतरतो. ही तिने बाहेर कधी सांगितली नाही.

आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. शैला मात्र नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिली नोकरी आनेकलला, जनावरांच्या दवाखान्यात. एक आज्जी झाकलेली टोपली घेऊन आली, म्हणाली, "बेक्कु." म्हणजे मांजर. हिला ऐकू आलं "बेकु," म्हणजे हवंय. हिने विचारलं, काय हवंय? आज्जी म्हणे, बेक्कु. ही म्हणे, हो, पण काय? टोपली ओरडली तेव्हा कुठे उलगडा झाला. हे तिने सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही हसताय म्हणजे ऐकलंय.

दुसरं नाही सांगितलं. तिथेच एक शेतमजूर आला. खांद्यावरच्या टॉवेलात कुत्र्याचं पिल्लू. पार्व्हो झालेलं, पिल्लांना मारणारा आतड्याचा रोग. उलट्या, रक्ताची हगवण, अंगातलं पाणी संपलेलं, डोळे आत गेलेले. वास एवढा की बाकीचे लोक उठून बाहेर गेले. त्याने विचारलं, "बदुकुत्ता, डॉक्टरम्मा?" वाचेल का? एवढं कन्नड हिला तोवर कळायला लागलं होतं. दिवसभर ती उभी होती, उपाशी होती. तिच्या तोंडून तिचं नागपुरी उत्तर निघून गेलं. "नाई."

आता कन्नडात नायि म्हणजे कुत्रा.

त्या माणसाचा चेहरा एकदम फुलला. तो म्हणाला, "हौदम्मा, नायि. नम्म नायि." हो बाई, कुत्रा. आमचा कुत्रा. आणि टॉवेल तिच्या टेबलावर ठेवून तो कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला वाटलं, डॉक्टरम्माने हाती घेतलं.

ती मला म्हणाली, "अहो, मी त्याला घरी पाठवत होते. आणि तो बसला की जी! आता परत कोणत्या तोंडाने सांगू?" मग तिने सलाइन लावलं. पिल्लाची शीर सापडेना, पुन्हा शोधली. दुसऱ्या दिवशी लावलं, तिसऱ्या दिवशी लावलं. तो माणूस रोज येऊन कोपऱ्यात बसायचा. आणि पिल्लू वाचलं. सगळी नाही वाचत, हे तुम्हालाही माहीत आहे. ते वाचलं.

त्या दिवसापासून जनावराच्या बाबतीत तिने "नाई" म्हणणं सोडलं. पुढे कितीतरी दगावली तिच्या टेबलावर. कितींना तिने स्वतःच्या हाताने शांत झोपवलं, वेदना बघवत नव्हत्या म्हणून. पण आधी एकदा तरी "बघू" म्हणायची. नीट हात लावून बघायची, मग बोलायची. तुमच्यातल्या अनेकांनी तो "बघू" ऐकलाय. चिडलाही असाल. डॉक्टर काय ते स्पष्ट का सांगत नाहीत, म्हणून. हे त्याचं कारण.

आता माझं.

गेल्या आठवड्यात सकाळी तिने चिमणीला सुई दिली. मी कॉफी केली. म्हणाली, दमल्यासारखं वाटतंय हो. खुर्चीत बसली. कप तसाच राहिला. डॉक्टर आले, म्हणाले हृदय. पंप. मी तो शब्द त्यानंतर उच्चारला नव्हता, आज इथे उच्चारला.

त्या दिवसापासून चिमणीला सुई देतेय ती श्रुती. तिकडे बसलीय, निळ्या कुर्त्यात. पुण्याची मुलगी, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. तिच्या मांजराचं मूत्रपिंड शैलाने सांभाळलं, तेव्हापासून घरचीच झाली. हिने आठवडाभर घरून काम केलं, आमच्याकडे राहिली. उद्यापासून तिला ऑफिसात जायचंय. मीच म्हटलं, बाळा, आजची संध्याकाळची मी देतो. आजवर मी नुसता धरत होतो. टोचलं कधीच नाही. काल मोसंबीवर सराव केला. चांगला जमला. पण मोसंबी मान फिरवून आवाजाच्या दिशेने बघत नाही हो. चिमणी बघते. दिसत नाही तरी बघते. दाराशी पाऊल वाजलं की उठते, शैलाची चप्पल नाही हे कळलं की पुन्हा बसते.

मला भीती वाटते. स्पष्टच सांगतो. सुई जास्त भरली गेली तर साखर उतरेल, ती लटपटेल, झटके येतील. ती जेवली नसेल आणि मी टोचलं तर? शैलाने मला एकदा समजावलं होतं. बाजारात धान्याची पोती लागलीत आणि घरात उपास चाललाय, तसा हा रोग. रक्तात साखर भरपूर आणि अंगाला मिळत नाही. म्हणून चिमणीबाई खूप खाते, भांडंभर पाणी पिते आणि वाळत जाते. समजलं मला. पण समजणं वेगळं आणि त्या मानेवरची कातडी चिमटीत धरणं वेगळं.

आमचा मुलगा निखिल पुढेच बसलाय. उद्या पुण्याला परत जायचंय त्याला. तो म्हणतो, बाबा, तुम्ही एकटे इथे काय करणार, चला माझ्याबरोबर. चिमणीला फ्लॅटवर नाही ठेवता येणार, एखाद्या संस्थेत सोय बघू. इतर दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आंधळी आहे, म्हातारी आहे, झोपवून टाका. निखिलला आजच उत्तर हवंय. निखिल, खाली बघू नकोस, तुझं वाईट नाही रे. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. बापाची काळजी वाटतेय तुला.

पण मी येत नाही.

ती खातेय. शेपूट हलवतेय. तिची हिरडी आज सकाळी मी बघितली, गुलाबी होती. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी तिला घेऊन जाईन डॉक्टरांकडे, आणि तिच्याजवळ उभा राहीन. तोवर मी बेंगळुरूतच. मला नाही जमलं तर शिकेन.

सात वाजायला आलेत. आता सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळायची आहे. मी विनंती करतो, पाळा. ती तुमचीही होती. फक्त मी थांबत नाही. राग मानू नका.

अरे निखिल, तू कुठे उठलास? बस ना. लोक काय म्हणतील, बाप गेला तो गेला, मुलगाही गेला?

बरं. चल. पण धरायचं तू. टोचणार मी.

बाकीच्यांनी उभं राहावं. शैला, आज उशीर झालाय, ओरडू नकोस. निघालो आम्ही.